आपल्या नावाचा चौघडा

मोबाइलवर हवं ते गाणं रिंगटोन म्हणून लावायला आज पैसा लागत नाही. गाण्याची फाइल फोनमध्ये असली की झालं. ती कापून देणारी अ‍ॅप फुकट मिळतात. मुखडा कुठे सुरू होतो ते कान देऊन ठरवायचं, अर्ध्या मिनिटाचा तुकडा ठेवायचा, सेटिंगमध्ये जाऊन ‘साउंड’ आणि मग ‘फोन रिंगटोन’ उघडून तो तुकडा निवडायचा. पाचवीतली नात आजोबांना हे चहा निवायच्या आत करून देते. काम इतकं किरकोळ झालं आहे की त्यामागे काही मोठी वाटचाल असेल असं कुणाच्या मनातही येत नाही.

मला मात्र त्यात एक जुना हक्क दिसतो. आपली वर्दी कोणत्या आवाजानं दिली जावी, हे ठरवण्याचा हक्क. तो शेकडो वर्षं फार थोड्यांकडे होता आणि तो सगळ्यांच्या खिशात येईपर्यंत बरंच काही घडलं. त्यातलं पुष्कळ नाशिक आणि आसपासच्या मुलखात शोधता येतं.

मोगल आणि मराठा अमदानीत पालखी, छत्र, चौरी यांच्याप्रमाणे नौबत हाही मान होता. दारात चौघडा वाजणं ही हौसेची गोष्ट नव्हती. दरबारातून तो मान मिळावा लागे, आणि काढूनही घेतला जाई. देव आणि राजा यांच्या दारी नगारा, बाकीच्यांच्या दारी शांतता, अशी ही व्यवस्था. सामान्य माणसाच्या दारात वाद्य वाजायचं ते लग्नाच्या दिवशी, आणि तेही सगळ्यांच्या नाही. गावोगावी दलितांच्या वरातीला वाजंत्री लावायला मज्जाव होता. हलगी, डफ, सनई वाजवणारे कलाकार बहुतेक ठिकाणी गावकुसाबाहेरचे किंवा अलुतेदार-बलुतेदारांतले. ज्यांचे हात साऱ्या गावासाठी वाजवत, त्यांच्यातल्या अनेकांना स्वतःच्या दारी वाजवून घेण्याची सोय नव्हती. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण रिंगटोनच्या गोष्टीत ती पुढे फार वाईट रीतीनं परत येते.

चौघड्याखालोखाल मान घंटेचा. पंचवटीत गोदावरीकाठी नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४७ साली बांधलेलं रामेश्वराचं मंदिर आहे. नाशिककर त्याला देवाच्या नावानं क्वचितच ओळखतात. त्याची ओळख म्हणजे तिथली अजस्र घंटा. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्या विजयाची ही खूण. घंटेवर १७२१ हे साल कोरलेलं आहे. एका धर्माच्या प्रार्थनेसाठी ओतलेली घंटा दुसऱ्या धर्माच्या देवळात आली आणि तिथेही तिचं काम तेच राहिलं, दूरवरच्या माणसांना एकाच वेळी काहीतरी कळवणं. तिचा आवाज पाच मैलांवर जायचा असं सांगतात. अशा घंटेचा गुण आणि दोष एकच असतो. ती सगळ्यांसाठी सारखीच वाजते. ऐकणाऱ्यानं आवाज निवडायचा नसतो, आवाजानं ऐकणाऱ्यांना गोळा करायचं असतं.

टेलिफोनही सुरुवातीला याच जातीचा होता. ग्रॅहम बेलचे सहकारी थॉमस वॉटसन यांनी १८७८ मध्ये दोन वाट्यांमध्ये टोला हलवणारी विजेची घंटा बनवली. विद्युतचुंबक, मधली हातोडी आणि दोन बाजूंना दोन वाट्या ही रचना पुढे शंभर वर्षं टिकली. भारतात २८ जानेवारी १८८२ रोजी कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथे एक्स्चेंज सुरू झाली. आपल्याकडे घंटेचा ठेका ब्रिटिश पद्धतीचा, दोन छोटे ठोके आणि मग लांब विसावा. म्हणून अमेरिकी फोन लांब एकेरी वाजतो आणि आपला ‘ट्रिंग ट्रिंग’ असा जोडीनं.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये बंगळुरूला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज उभी राहिली आणि काळ्या, जड फोनचं युग आलं. नंबर लावल्यावर फोन यायला वर्षं लागत. ज्यांच्याकडे फोन असे त्यांच्या घराची घंटा अर्ध्या चाळीची असे. लग्नपत्रिकेवर आणि व्हिजिटिंग कार्डावर आपल्या नावासमोर शेजाऱ्यांचा नंबर छापून पुढे ‘पीपी’ लिहिण्याची पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे सांगायला नको. घंटा वाजली की ती कोणासाठी आहे हे उचलल्याशिवाय कळायचं नाही. मग कुणीतरी गॅलरीत येऊन हाक मारायचं, आणि हाक हीच खरी वैयक्तिक घंटा असायची. वरच्या मजल्यावरच्या काकूंना कोणत्या सुरात बोलवायचं, हे हाक मारणाऱ्याला पक्कं ठाऊक असे.

यंत्रातून सूर निवडण्याची पहिली चव आपल्याला फोननं दिली नाही. ती दिली दाराच्या बेलनं आणि मोटारीच्या रिव्हर्स हॉर्ननं. यूएम६६ नावाची तीन पायांची एक चिप बाजारात आली. दिसायला साध्या ट्रान्झिस्टरसारखी, पण पोटात ६४ स्वरांची एक धून साठवलेली. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ती काही रुपयांना मिळे. दोन बॅटऱ्या, एक छोटा स्पीकर, एक बटण जोडलं की घरी बनवलेली म्युझिकल बेल तयार. आयटीआयमध्ये शिकणाऱ्या कितीतरी मुलांचा हा पहिला प्रयोग. चिपवर कोणती धून आहे ते तिच्या नंबरावरून ठरायचं, म्हणजे निवड होती ती दुकानदारापुढच्या डब्यांमधली. तरी आरतीची बेल कुठली आणि वाढदिवसाच्या गाण्याची कुठली, यावरून कॉलनीतली घरं ओळखू येऊ लागली. मागे येणारी मोटार आरती म्हणत येऊ लागली. एकेरी, चिरक्या, तालाशिवायच्या सुरातही आपण गाणं ओळखतो आणि आपलं मानतो, हे त्या चिपनं सिद्ध केलं होतं.

भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ चा, कलकत्त्याहून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांना केलेला. मोबाइल सेवेच्या विभागणीत मुंबई हे वेगळं सर्कल होतं. नाशिक ज्यात येतं त्या महाराष्ट्र सर्कलमध्ये बीपीएल आणि बिर्ला एटी अँड टी यांची सेवा त्यानंतर पसरत गेली. तेव्हा आलेला कॉल उचलायलाही पैसे पडत. १ मे २००३ पासून इनकमिंग फुकट झालं, आणि माझ्या मते रिंगटोनचा आपल्याकडचा खरा जन्म त्या दिवशी झाला. तोवर घंटा वाजली की खर्चाची धास्ती असे. आता वाजण्याला किंमत उरली नाही. उलट, मिस्ड कॉलनं वाजण्यालाच भाषा बनवलं. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे खाली ये. आवाज हाच निरोप झाल्यावर तो आपला वेगळा असावा असं वाटणं ओघानंच आलं.

त्यात गर्दीची अडचण होतीच. नोकियाची ती जगप्रसिद्ध धून स्पॅनिश गिटारवादक फ्रान्सिस्को तारेगा यांच्या १९०२ च्या एका वॉल्ट्झमधून घेतलेली. १९९४ च्या नोकिया २११० पासून ती फोनमध्ये आली. नाशिकच्या सीबीएस या मध्यवर्ती एसटी स्टँडवर ती वाजली की दहा माणसांचे हात एकदम खिशाकडे जात. वेगळी रिंगटोन ही हौस होण्याआधी गरज होती.

आता या गोष्टीतला माझा सगळ्यात आवडता भाग. नोकिया ३३१० हा फोन २००० साली आला. त्यात ‘कंपोझर’ नावाची सोय होती. आकड्यांच्या बटणांवर स्वर बसवलेले होते. १ दाबलं की पाश्चात्त्य ‘सी’, २ म्हणजे ‘डी’, असं ७ पर्यंत. हार्मोनियम शिकलेल्या कोणालाही हे चटकन कळलं असतं, कारण पांढरी एक षड्ज धरली तर १ ते ७ म्हणजे सरळ सा रे ग म प ध नी. ८ दाबलं की स्वर आखूड, ९ दाबलं की लांब, ० म्हणजे विश्रांती, ताऱ्याच्या बटणानं सप्तक बदलायचं, आणि चौकटीच्या बटणानं स्वर अर्धा चढवायचा. कोमल स्वरासाठी वेगळी खूण नव्हती, म्हणून कोमल गंधार हवा तर रिषभ दाबून चढवायचा. भैरवी लिहायची तर १, मग चढवलेला १, चढवलेला २, साधे ४ आणि ५, चढवलेला ५ आणि चढवलेला ६. जेवढे स्वर त्या फोनमध्ये मावत तेवढ्यात मुखडा बसवायचा. मींड नाही, कण नाही, एका वेळी एकच स्वर. पण ज्यानं हे बसवलं त्याला त्या गाण्याचा सांगाडा कायमचा कळला. कोणत्याही पैशाशिवाय, कोणाच्याही परवानगीशिवाय, स्वतःच्या कानानं आणि अंगठ्यानं केलेली ही रिंगटोन. यापेक्षा जास्त ‘आपली’ रिंगटोन त्यानंतर झाली नाही, असं मी म्हणेन.

इथे विष्णु दिगंबर पलुस्करांची आठवण काढल्यावाचून पुढे जाता येत नाही. कुरुंदवाडला १८७२ मध्ये जन्मलेल्या, लहानपणी दृष्टी अधू झालेल्या या गायकानं १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गाणं गुरूच्या घरातून बाहेर काढून वर्गात आणि छापील पानावर आणण्याचा त्यांनी ध्यास घेतला. स्वतःची स्वरलेखनपद्धती तयार केली. मात्रा, अर्धी मात्रा, पाव मात्रा यांना खुणा दिल्या. ‘संगीत बालप्रकाश’सारखी पुस्तकं काढली. मुंबईतली संस्था कर्जात बुडाल्यावर आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात ते नाशिकला होते, रामनाम आधार आश्रमात. १९३१ मध्ये मिरजेला त्यांचं निधन झालं. पंडित भातखंड्यांची पद्धत पुढे जास्त रुळली, हे खरं. पण ज्याच्या घरात गाणं नाही अशा मुलालाही चार आण्यांच्या पुस्तकातून ते काढता यावं, ही ओढ पलुस्करांची होती. स्वर आणि त्याची लांबी एवढं लिहून दिलं की अनोळखी माणूस ते वाजवू शकतो, या विश्वासावरच कंपोझरही चालायचा. गाण्यांचे आकडे वहीत उतरवून घेतले जात, मित्राला सांगितले जात. पंचवटीतल्या आश्रमापासून कॉलेज रोडच्या कट्ट्यापर्यंत नोटेशनचा हा प्रवास कोणी मुद्दाम घडवला नव्हता. पण तो घडला.

गंमत अशी की कंपोझरच्याच सुमारास फोनची धून विकण्याचा धंदाही सुरू झाला, आणि त्याच्या मुळाशी असलेल्या सॉफ्टवेअरचं नाव होतं हार्मोनियम. फिनलंडच्या वेसा-मात्ती पानानेन यांनी ते १९९७ मध्ये लिहिलं. त्यातून बनवलेली धून एसएमएसनं फोनवर पाठवता येई. १९९८ मध्ये तिथल्या रेडिओलिंजा कंपनीनं त्यावर पैसे घेऊन सेवा सुरू केली. जपान त्याच्या थोडं पुढे होतं. तिथे १९९६ मध्येच स्वतः सूर भरता येणारा फोन निघाला होता आणि रिंगटोनचे स्वर छापलेल्या पुस्तकांच्या लाखो प्रती खपत होत्या. एका देशानं स्वर छापून विकले, दुसऱ्यानं तयार धून विकली. धंद्याच्या जगात दुसरा मार्ग जिंकला.

भारतात ८८८८ सारख्या चार आकडी नंबरावर एसएमएस करून धून मागवता येऊ लागली. एका रिंगटोनला दहा-पंधरा रुपये. आधी एकेरी, मग एकाच वेळी अनेक सूर वाजवणारी पॉलिफोनिक, मग प्रत्यक्ष गायकाच्या आवाजातली. २००४ पासून कॉलर ट्यून आली. तिची मूळ कल्पना दक्षिण कोरियातली, २००२ ची. इथे उलटा न्याय होता, पैसे आपण भरायचे आणि गाणं समोरच्यानं ऐकायचं. महिना तीस रुपये आणि गाण्याचे वेगळे. रिचार्जमधून गुपचूप पैसे कापले जातात, आपण न मागता ट्यून सुरू होते, अशी ओरड खेड्यापाड्यांत सर्वांत मोठी होती, कारण तिथे दहा रुपयांचा रिचार्ज हाही हिशेबाचा खर्च होता. अखेर २०१३ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकानं अशा सेवांसाठी ग्राहकाची दोनदा संमती घेणं बंधनकारक केलं. ‘फुकट’ या शब्दाला रिंगटोनच्या बाबतीत एवढं वजन का आलं, ते या वर्षांत दडलं आहे. लोकांना गाण्याचे पैसे द्यायचे नव्हते असं नाही. न विचारता खिशात हात घालणाऱ्याला द्यायचे नव्हते.

त्यावर लोकांनीच मार्ग काढला, आणि तो गल्लीतल्या दुकानातून निघाला. नाशिकमध्ये महात्मा गांधी रोडवर, प्रधान पार्कच्या परिसरात, मोबाइलची दुकानं दाटीनं आहेत. सातपूर-अंबडच्या कामगार वस्त्यांत, सिडकोत, नाशिकरोडला, तालुक्याच्या प्रत्येक बाजारपेठेत तसंच एखादं दुकान निघालं. काउंटरवर जुना कॉम्प्युटर, त्याला कार्ड रीडर, आणि काचेवर चिकटवलेला कागद: गाणी भरून मिळतील. एक-दोन जीबीचं मेमरी कार्ड काढून द्यायचं आणि सांगायचं, ‘दादा, जरा भक्तिगीतं टाका, आणि दोन-चार लावण्या.’ पोरगा फोल्डर उघडायचा. भारूड वेगळं, कव्वाली वेगळी, आदिवासी गाणी वेगळी, भीमगीतं वेगळी, नाशिक ढोल वेगळा. वीस-तीस रुपयांत शेकडो गाणी. रिंगटोन लावून देणं हे त्यातलं वरकामाचं, त्याचे कोणी पैसे मागत नसे. तिथून ती ब्लूटूथनं घराघरांत जायची. एसटीत दोन सीटच्या मधून, शेताच्या बांधावर, कंपनीच्या जेवणाच्या सुट्टीत, फोनला फोन लावून.

कायद्याच्या नजरेत हे दुकान चोरीचं होतं. इंडियन म्युझिक इंडस्ट्री या कंपन्यांच्या संघटनेनं धाडी घातल्या आणि २०१० च्या सुमारास अशा दुकानांसाठी एमएमएक्स नावाचा परवानाही काढला. फी भरा आणि गाणी राजरोस भरून द्या. परवान्याची ही कल्पना मला धाडींपेक्षा कितीतरी शहाणपणाची वाटते, कारण दुकानदार काय करतो आहे ते तिनं ओळखलं होतं. गाण्यांची निवड, वर्गवारी आणि वाटप तोच करत होता. अहिराणी गाणी किंवा डोंगरपट्ट्यातल्या पावरी या वाद्याची धून मोठ्या कंपनीच्या चार आकडी नंबरावर मागून मिळण्यातली नव्हती. ती मिळत होती ती याच दुकानात.

त्या वर्षांतले फोनही तसेच होते. चायना मोबाइल म्हणून जे आले त्यांना मागे मोठाले स्पीकर. आवाज एवढा की भाजीबाजारात पलीकडच्या ओळीतला फोन अलीकडे ऐकू यावा. त्यातल्या ज्यांना आयएमईआय नंबर नव्हता ते ३० नोव्हेंबर २००९ नंतर बंद पाडले गेले, पण मोठ्या आवाजाची सवय राहिली. नाशिक ढोलाचा ठेका तर रिंगटोन व्हायलाच जन्मला असावा असा. एका ठोक्यात ओळखू येतो, वाहनांच्या गोंगाटाला पुरून उरतो, आणि वाकडी बारवेपासून निघणाऱ्या गणपतीच्या मिरवणुकीची याद बरोबर घेऊन येतो. मोबाइलच्या छोट्या स्पीकरला खर्जातला घुमारा पेलत नाही, त्यामुळे रिंगटोनमधला ढोल हा अर्धाच ढोल असतो. उरलेला अर्धा ऐकणारा मनातून भरतो.

आणि भीमगीतं. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १५ ऑगस्ट १९२२ रोजी वामनदादा कर्डक जन्मले. अक्षरओळख झाली ती मोठेपणी, आणि मग त्यांनी आयुष्यभर गीतं लिहिली, गायली, गावोगाव नेली. त्यांच्या लहानपणीच नाशिकचं काळाराम मंदिर गाजलं होतं. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, सुमारे पाच वर्षं चालला, आणि दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. वामनदादांची शायरी त्या घोषणेनंतरच्या पिढीची. माइकशिवाय, कंदिलाच्या उजेडात, जलशातून ती पसरली. ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेट आली तेव्हा प्रल्हाद शिंदे आणि त्यांच्या मुलांच्या आवाजात भीमगीतं घरोघरी पोचली. मग मेमरी कार्ड आलं, आणि ही गाणी पहिल्यांदा माणसाच्या अंगावर आली. जिथे जाल तिथे, कुणाचाही फोन आला की, खिशातून उघड्यावर वाजणारी.

ज्यांच्या वरातीला वाजंत्री नव्हती त्यांच्यासाठी याचा अर्थ काय, हे बाहेरच्या माणसानं समजून घ्यायचा प्रयत्न केला पाहिजे. दरबारानं न दिलेली नौबत त्यांनी वीस रुपयांत मिळवली होती.

१६ मे २०१५ रोजी नाशिकहून दोन-अडीच तासांवरच्या शिर्डीत, नातेवाइकाच्या लग्नाला आलेल्या एका दलित तरुणाचा खून झाला. तो नर्सिंग शिकत होता. तक्रारीत नोंदलं गेलं ते असं: मित्र-नातेवाइकांबरोबर बसलेला असताना त्याचा फोन वाजला, रिंगटोन होती बाबासाहेबांवरच्या गीताची, शेजारच्यांनी ती बंद करायला सांगितलं, त्यातून मारहाण झाली आणि मारणाऱ्यांनी त्याला उचलून नेलं. महाराष्ट्रभर मोर्चे निघाले. त्या काळात अनेकांनी ठरवून आपल्या फोनवर तेच गीत लावलं. रिंगटोनला आपण करमणूक समजतो. त्या मुलाच्या फोनवर जे वाजलं ती करमणूक नव्हती, आणि मारणाऱ्यांनाही ते पक्कं माहीत होतं. वाजवून घेण्याचा हक्क कोणाचा, हा नौबतीचा जुना प्रश्न एकविसाव्या शतकात मोबाइलच्या स्पीकरमधून पुन्हा विचारला गेला आणि त्याचं उत्तर एका जिवानं दिलं गेलं. या मागोव्यात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे. बाकीचा तंत्रज्ञानाचा तपशील याच्यापुढे हलका आहे.

गीत लिहिणाऱ्यांचाही हिशेब मांडायला हवा. कॅसेटच्या काळात कवी-शाहिरांना एकरकमी थोडे पैसे देऊन गाणं विकत घेण्याची चाल होती. पुढे ते किती खपलं, किती फोनांवर वाजलं, त्याच्याशी लिहिणाऱ्याचा संबंध नसे. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनं गीतकार आणि संगीतकारांना रॉयल्टीतला असा वाटा दिला जो त्यांना करारानंही सोडून देता येत नाही. वामनदादा २००४ मध्ये गेले. त्यांच्या पिढीला या कायद्याचा उपयोग झाला नाही. फुकट रिंगटोन लावताना स्वतःच्या कानापुरतं गाणं कापणाऱ्या माणसाला मी दोष देणार नाही, पण मूळ गाणं जिथे रीतसर मिळतं तिथून घेतलं तर त्यातला थोडा वाटा लिहिणाऱ्या हाताकडे जातो, एवढं आता कायद्यानं शक्य झालं आहे.

स्मार्टफोन आला तेव्हा रिंगटोनच्या धंद्याचा कणा मोडला. अँड्रॉइडमध्ये ‘रिंगटोन्स’ नावाच्या फोल्डरात फाइल टाकली की ती यादीत दिसू लागते. रिंगड्रॉइडसारख्या फुकट अ‍ॅपमध्ये गाण्याची लहर पडद्यावर उमटायची आणि बोटानं दोन टोकं सरकवून तुकडा काढता यायचा. कुठून कापायचं, ही मोठी रसिकतेची परीक्षा आहे. सुरुवातीचं संगीत ठेवलं तर मुखडा येईपर्यंत फोन उचलला जातो. थेट मुखड्यावर गेलं तर दचकायला होतं. जाणकार मुखड्याच्या आधीचे दोन आवर्तनांचे बोल ठेवतात, म्हणजे ढोलकी चढते आणि आवाज येतो त्या क्षणी फोन हातात असतो. अ‍ॅपलनं मात्र दार लोटून ठेवलं. २००७ मध्ये आयट्यून्सवर विकत घेतलेल्या गाण्याचीच रिंगटोन करायला पुन्हा ९९ सेंट घेतले जात. फुकट मार्ग होता, पण गॅरेजबँडमधून, वळणावळणाचा. २०२५ मध्ये आयओएस २६ आल्यावर तीस सेकंदांच्या आतली फाइल थेट रिंगटोन म्हणून लावता येऊ लागली.

कॉलर ट्यूनही २०१६ नंतर जिओच्या स्पर्धेत फुकट झाली. पण तिच्यावर आपला ताबा किती, ते २०२० च्या मार्चमध्ये कळलं. देवीची आरती असो वा लावणी, सगळ्यांच्या ट्यूनच्या जागी खोकला आणि करोनाची सूचना आली आणि थोड्याफार फरकानं दोन वर्षं राहिली. ती सूचना गरजेची होती. तरी दवाखान्यात कुणासाठी तातडीनं फोन लावताना ती ऐकावी लागलेल्यांना तिचा शब्दन्‌शब्द अजून आठवतो. समोरच्याला ऐकू येणारं गाणं कंपनीच्या यंत्रात असतं, सरकारच्या एका आदेशावर ते बदलतं. आपल्या फोनमधली रिंगटोन त्या दोन वर्षांतही आपलीच राहिली, कारण ती फाइल आपल्याजवळ होती.

आणि आता अडचण नेमकी फाइलचीच आहे. गाणी ऐकायच्या अ‍ॅपवर कोट्यवधी गाणी आहेत, महिन्याच्या वर्गणीत किंवा जाहिराती ऐकून. त्यातलं गाणं ‘डाउनलोड’ केलं तरी ते कुलूपबंद असतं. त्या अ‍ॅपच्या बाहेर वाजत नाही आणि रिंगटोनच्या यादीत दिसत नाही. ऐकायला सारं मोकळं, वाजवून घ्यायला बंद. म्हणून प्रधान पार्कमध्ये नवा फोन घ्यायला आलेलं मधल्या वयाचं गिऱ्हाईक अजूनही जुन्या फोनातलं कार्ड पुढे करतं आणि आधी विचारतं, ‘यातली गाणी येतील ना त्याच्यात?’ त्या कार्डावर बारा-पंधरा वर्षांपूर्वी कुठल्याशा दुकानात भरलेल्या फाइली असतात, नावं अर्धवट रोमन लिपीत, काहींत दुकानाचं नावही घुसलेलं. त्यात जलशात ध्वनिमुद्रित केलेली, कधी कॅसेटवरून उतरवलेली शाहिरी असते, जी आज कोणत्याही अ‍ॅपवर शोधून सापडत नाही. विद्यापीठांनी आणि संग्रहालयांनी ही कार्डं गोळा करायला अजून सुरुवात करायची आहे. तोवर हे काम गिऱ्हाईक आणि काउंटरवरचा पोरगा मिळून करतात. केबल लावतात, फोल्डर उचलून नव्या फोनात टाकतात, सेटिंग उघडतात, आणि पोरगा विचारतो, ‘काका, रिंगटोन कोणती ठेवू?’